आई भावजयीकडं येते

या सदरातले अनुभव मी आजवर जेवणाच्या सुट्टीत वाचत आले, आणि खरं सांगते, हसत वाचत आले. औरंगपुऱ्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी टेक्निशियन आहे. दिवसभर मायक्रोस्कोपला डोळा लावून बसायचं. स्लाइडवर जे दिसतं ते आहे, जे दिसत नाही ते नाही... अशी डोक्याला सवयच लागून जाते.

त्यात आमचं घर बौद्ध. आमच्याकडं देव्हारा नाही, पितर नाहीत, दहाव्याला कावळा शिवायची वाट बघत कुणी बसत नाही. माणूस गेलं की विहारातले भन्ते येतात, वंदना होते, पुण्यानुमोदनाचं जेवण होतं आणि ज्यानं त्यानं आपापल्या कामाला लागायचं. वडील शाळेत मास्तर होते. गल्लीत कुणाच्या अंगात आलं की ते तोंडावर सांगायचे, "डॉक्टरकडं चला, मी सोबत येतो." अशा घरातली मी. भुताखेतांवर माझा कधी विश्वास नव्हता आणि आजही तसा नाही म्हणायला मी तयार आहे... फक्त एक गोष्ट मध्ये येते.

ती गोष्ट आता लिहून टाकते. यात मला भीती फारशी वाटलीच नाही. मला वाटला तो मत्सर. साधा, पोटात जळणारा मत्सर.

गारखेड्यात आमचा फ्लॅट आहे, दुसऱ्या मजल्यावर. मिस्टर वाळूजला कंपनीत आहेत, त्यांना पाळ्या असतात. मुलगा पुण्याला शिकायला. शेवटची काही वर्षं आई माझ्याकडं होती. वडील आधीच गेले होते, मग तिला अर्धांगवायूचा झटका आला आणि तिची डावी बाजू गेली. धाकटा भाऊ मिलिंद बँकेत आहे, बदलीची नोकरी, तेव्हा तो विदर्भात होता. त्याची बायको प्रज्ञा, मुलगी साची अगदी तान्ही. मग आई कुणाकडं राहणार? माझ्याकडं राहिली. मी उपकार केले असं म्हणत नाही. पण तिचं अंग पुसणं, केस विंचरणं, भरवणं, बेडपॅन... मी लॅबला गेले की एक बाई यायची, बाकी सगळं माझ्या हातचं. प्रज्ञानं सासूला पाहिलं ते सुट्टीत, पाहुण्यासारखं. चार दिवस यायची, पाया पडायची, जायची.

आता आईबद्दल थोडं. तिचं माहेर लातूरच्या बाजूचं. तिकडचा तो मोठा भूकंप झाला तेव्हा ती माहेरी होती, मिलिंदला कडेवर घेऊन गेलेली. मी शाळेमुळं वडिलांजवळ इथंच होते. माहेरचं घर दगडमातीचं, वर मातीचं जड माळवद. आई वाचली, मिलिंद वाचला, आईची धाकटी बहीण शकू गेली.

परत आली तेव्हापासून आईनं आमचं राहणंच बदललं. झोपायच्या जागेवर भिंतीला फोटो नाही, फळी नाही. जड भांडी सगळ्यात खालच्या खणात. प्रत्येकाच्या पलंगाखाली चप्पल, कारण काचा फुटल्या तर अनवाणी पळता येत नाही. उशाशी टॉर्च. दारापुढं बूट, सायकल, काही म्हणजे काही ठेवायचं नाही. आणि सराव! जेवता जेवता ती एकदम "हाललं" म्हणायची की आम्ही दोघं ताट टाकून टेबलाखाली, एक हात डोक्यावर, एका हातानं टेबलाचा पाय धरलेला. बाहेर पळायचं नाही. हलायचं थांबलं की मग गॅस बघायचा, मग जिन्यानं खाली. पाहुणे हसायचे. आई म्हणायची, "हसा तुम्ही. घर पडतंय ते नंतर, आधी घरातलंच सामान माणसाच्या अंगावर येतंय."

माझ्या बेडरूममध्ये पलंगाला लागूनच लोखंडी कपाट आहे. बाकीच्या भिंतींना दार-खिडक्या, कपाटाला दुसरीकडं जागा नाही. आई राहायला आली त्याच आठवड्यात तिनं सुतार बोलावून ते कपाट वरच्या बाजूनं दोन अँगल मारून भिंतीला पक्कं करून घेतलं. तोंड वाकडं झालेलं, बोलणं अर्धंच कळायचं, तरी सुताराला दोनदा ड्रिल मारायला लावलं.

आई गेली. नंतर काही महिन्यांनी मिलिंदची बदली इकडं झाली आणि त्यानं पडेगावला रो-हाउस घेतलं. गच्चीवर गेलं की लांब दौलताबादचा किल्ला दिसतो. घर छान, प्रज्ञानं हौसेनं सजवलेलं. साचीच्या पलंगावर भिंतीला काचेची मोठी फ्रेम, तिच्या वर खेळण्यांची फळी, दाराशी चपलांचा उंच स्टँड. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मनात आलं होतं, आई असती तर हे एक दिवस राहू दिलं नसतं. पण मी बोलले नाही. नणंदेनं येऊन घर हलवायला सांगू नये.

एका रविवारी दुपारी आम्ही तिकडं गेलो. घरात पाऊल टाकलं आणि थबकले. चपलांचा स्टँड दारातून गेलेला. साचीच्या डोक्यावरची फ्रेम नाही, फळी नाही, खेळणी खाली टोपलीत. टीव्ही भिंतीला पट्ट्यानं बांधलेला. पलंगाखाली बघितलं तर साचीची इवलीशी चप्पल, टाचा भिंतीकडं. आई अशीच ठेवायची. पाय सोडले की सरळ आत जावेत म्हणून.

मी मिलिंदला म्हटलं, "अरे वा, आठवण आहे तुला अजून."

तो म्हणाला, "मी नाही ग. हिचंच काहीतरी चाललंय महिनाभर. मला तर भिंतीची भोकं बुजवायला लावली."

प्रज्ञा चहा करायला आत गेली, तिच्या मागं मी गेले.

"कुणी सांगितलं तुला हे सगळं?"

तिनं गॅस बारीक केला. म्हणाली, "ताई, तुम्ही हसाल."

"सांग तर."

"आई येतात."

मला कळलंच नाही. मला वाटलं तिची आई. "कधी आल्या? बोलली नाहीस."

"माझी आई नाही ताई. आई. तुमच्या."

मी ओट्याला टेकून उभी राहिले. ती खाली बघत सांगत होती. दुपारी साची झोपली की घर शांत होतं. अशा वेळी भांडी घासताना मागं कुणीतरी उभं आहे असं कळतं. वळून बघितलं तर कुणी नसतं. आधी तिला भास वाटला. मग बोलणं ऐकू यायला लागलं. कानात नाही, खोलीत कुणी बोलावं तसं. "पोरीच्या डोक्यावरची काच काढ." "ती फळी कशाला पायजे?" आणि मग हॉलमधून आत, आतून हॉलमध्ये चालण्याचा आवाज.

"पाय ओढत चालते?" मी विचारलं. का विचारलं, माहीत नाही.

"नाही ना. तेच तर नवल वाटतं, ताई. दोन्ही पाय सारखे वाजतात."

त्या डाव्या पायाला मी किती तेल लावलं... किती फिजिओ केलं. माझ्याकडं असताना आई एक पाऊल चालली नाही. आणि मेल्यावर इकडं, पडेगावला, हिच्या नव्या टाइल्सवर ती नीट चालते?

मी हसले. "प्रज्ञा, झोप होते का नीट? हिमोग्लोबिन करून घे एकदा."

तिनं चहा कपांत गाळला. परत येताना स्कूटरवर मी मिस्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "मिलिंद बोलला असेल लहानपणीचं, तिच्या डोक्यात राहिलं असेल." मलाही तेच पटलं. पटवून घेतलं.

पण माणूस गप्प बसत नाही. पुढच्या आठवड्यात मी फोन करून सहज विचारल्यासारखं विचारलं, "आली होती का ग?" ती म्हणाली, "हो, काल. शकूमावशींबद्दल बोलत होत्या."

शकूचं नाव मिलिंदला माहीत आहे, प्रज्ञाला माहीत असणारच. मी म्हटलं, "काय बोलत होती?"

"त्या दोघी शेजारी झोपल्या होत्या ना त्या रात्री. मावशी दाराकडं आणि आई भिंतीकडं, मांडणीखाली. उकडत होतं म्हणून आईंनी मावशींना उठवलं आणि जागा बदलून मागितली. मग ती मांडणी..." प्रज्ञा थांबली. "ताई, तुम्हाला माहीत असेल."

मला माहीत होतं. फक्त मलाच माहीत होतं. आईनं हे वडिलांनाही सांगितलं नव्हतं. एका दुपारी मी तिचे केस विंचरत होते तेव्हा तिनं अर्ध्या वाकड्या शब्दांत मला सांगितलं होतं. परत कधी नाही. मी कुणाकडं बोलले नव्हते, मिस्टरांकडंही नाही. तांब्याचा हंडा, पितळी घागरी, सगळी मांडणी आधी शकूवर आली होती आणि मग भिंत. आईच्या सगळ्या नियमांखाली हे होतं, आणि ते तिनं मला दिलं होतं. माझ्याजवळचं तिचं तेवढं एकच होतं.

वाचणाऱ्याला वाटेल, अशा वेळी अंगावर काटा येतो. मला आला नाही. माझ्या मनात एकच आलं... ही गोष्ट माझी होती, आणि तिनं ती हिला सांगितली.

"माझ्याबद्दल काही विचारते का?" माझ्या तोंडून गेलं.

मग प्रज्ञा हळूच म्हणाली, "नाही ताई. अजून तरी नाही."

त्यानंतर मी काय काय केलं ते सांगायची लाज वाटते, पण सांगते. लॅबमधून दुपारच्या सुट्ट्या घेतल्या. मिस्टर ड्युटीवर असताना आईच्या खोलीत जाऊन बसले. तिला धपाटे आवडायचे, लसणाची चटणी घालून... ते केले. वास घरभर. ताटलीत काढून ठेवले आणि बसून राहिले. आपण काय करतोय हे कळत होतं. वडिलांनी बघितलं असतं तर काय म्हणाले असते हेही कळत होतं. मागं कुणी उभं राहिलं नाही. पावलं वाजली नाहीत. खाली शाळेची रिक्षा आली, वरच्या मजल्यावर मिक्सर लागला, तेवढंच. धपाटे रात्री आम्हीच खाल्ले.

असं बरेचदा झालं. आणि दर वेळी पडेगावला फोन केला की ती येऊन गेलेली असायची. साचीला दुपारी काय खायला द्यावं ते सांगून गेली. सिलेंडरची नळी जुनी झालीय, बदल म्हणाली. एकदा तर प्रज्ञा हसत म्हणाली, "आज आईंनी माझं पिठलं बरं झालंय म्हटलं." माझ्या पिठल्याला आईनं उभ्या जन्मात बरं म्हटलं नव्हतं.

मग माझ्या डोक्यात आलं, आई येते ती घर सुरक्षित करायला. प्रज्ञाकडं सगळं चुकीचं होतं म्हणून तिकडं जाते. माझ्याकडं सगळं तिनंच करून ठेवलंय, मग इथं यायचं कारणच काय?

मी कारण दिलं.

एका दुपारी स्टुलावर चढून मी बेडरूममधल्या कपाटाचे दोन्ही अँगल काढले. खालच्या खणातली आईची पितळी पातेली एका सुटकेसमध्ये भरली आणि ती सुटकेस, जुना मिक्सर, पुस्तकांचं खोकं, सगळं कपाटाच्या डोक्यावर चढवलं. नेमकं पलंगाच्या बाजूला. कपाटाच्या दाराची कडी आधीच सैल होती. दार आपोआप उघडायचं आणि उघडलं की आता कपाट किंचित पुढं कलायचं. मी मागं सरून ते बघितलं आणि मोठ्यानं म्हणाले, "आता ये. ये आणि बोल मला."

कुणी आलं नाही.

मिस्टरांनी विचारलं, हे वर कशाला चढवलं? मी म्हटलं, मुंग्या झाल्यात खाली. ते रात्रपाळी करून सकाळी यायचे आणि त्याच पलंगावर कपाटाकडं डोकं करून झोपायचे. मला ते दिसत होतं. तरी मी सामान उतरवलं नाही. मनात म्हणायचे, आज ती येईल, आज येईल, मग उतरवू. माणूस मत्सरात किती आंधळं होतं हे मला लॅबमध्ये कधी दिसलं नसतं.

दोन-चार दिवसांनी दुपारी बेल वाजली. दारात प्रज्ञा. साचीला शेजारी ठेवून पडेगावहून एवढ्या उन्हात एकटी गाडी चालवत आलेली. चेहरा लाल. पाणीही न घेता ती सरळ माझ्या बेडरूममध्ये गेली आणि कपाटासमोर उभी राहिली.

"हे काय केलंय, ताई?"

"काय केलंय?"

"स्क्रू काढलेत तुम्ही."

तिच्या उंचीला कपाटाचा माथा दिसत नाही. खालून तर अजिबात नाही. मी विचारलं, "तुला कुणी सांगितलं?"

"तुम्हाला माहीत आहे कुणी सांगितलं. सकाळपासून घरात पावलं थांबत नाहीयेत. एकच चाललंय... वर्षाच्या घरी जा, वर्षाच्या घरी जा."

मी सांगू शकत नाही मला काय झालं. आईनं माझं नाव घेतलं होतं. पण घेतलं ते प्रज्ञाजवळ. "तिला म्हणावं, मला येऊन सांग," मी म्हणाले. "मधे तू कशाला? मी तिची मुलगी आहे. मी उतरवणार नाही, तिनं इथं येऊन सांगितल्याशिवाय मी एक वस्तू हलवणार नाही."

"ताई, दाजी झोपतात इथं."

"झोपू दे."

प्रज्ञानं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही... साची हट्टाला पेटली की ती साचीकडं बघते तसं. मग वरचं सामान काढायला तिनं हात वर केले, पण पुरले नाहीत. स्टूल मी दिलं नाही. ती म्हणाली, "बरं. मग निदान पलंग तरी."

आमचा पलंग सागवानी आहे, खाली सामानाचा खण असलेला. आणला तेव्हा चार माणसांनी वर चढवला होता. प्रज्ञा अंगानं बारीक. मी दारात हाताची घडी घालून उभी राहिले, बघू म्हटलं कसा हलवते. तिनं पायाकडची कड धरली. आणि उशाकडं बघून, अगदी घरातल्या माणसाशी बोलावं तशी, हळू आवाजात म्हणाली, "हां. घ्या."

पलंग सरकला. मी लिहिते ते जबाबदारीनं लिहिते. फरशीवर घासल्याचा आवाज झाला नाही. दुसऱ्या बाजूनंही कुणी धरला असावा तसा तो सरळ गेला, पार पलीकडच्या भिंतीला. प्रज्ञा पदरानं तोंड पुसत होती. उशाकडं कुणी नव्हतं. मी नीट बघितलं. डोळे फाडून बघितलं. आई माझ्या घरात, माझ्याच खोलीत, माझ्यापासून दोन हातांवर उभी होती की काय... आणि मला रिकामी जागा दिसत होती.

"जा तू आता," मी प्रज्ञाला म्हणाले.

ती गेली. संध्याकाळी मिस्टर उठले... त्या दिवशी ते हॉलमध्ये कूलरच्या घरघरीत झोपले होते, त्यांना यातलं काही कळलं नव्हतं... त्यांना म्हटलं, पलंग जागेवर लावू. दोघांनी मिळून जोर लावला, हलला नाही. ते म्हणाले, "पाय कुठंतरी अडकला असेल. रविवारी बघू." मी एकटीनंही नंतर दोनदा लावून बघितलं. नाही.

रविवार यायच्या आधीच ते झालं. सकाळची वेळ. मिस्टर रात्रपाळीहून येऊन बेडरूममध्ये झोपले होते, मी किचनमध्ये डबा भरत होते. आधी रॅकमधले चमचे किणकिणले. वाटलं, खालून ट्रक गेला. मग बादलीतलं पाणी हिंदकळलं आणि लोंबता दिवा झुलायला लागला. शेगडी हाताशीच होती, बटण बंद केलं आणि ओरडले, "हाललं." काही कळायच्या आत मी टेबलाखाली होते, एक हात डोक्यावर, एका हातात टेबलाचा पाय. लहानपणचं शरीराला आठवतं. आणि तेवढ्यात आतून असा आवाज आला की मला वाटलं भिंत गेली.

भिंत गेली नव्हती. थांबल्यावर मी धावले. कपाट उपडं पडलं होतं. पलंग जिथं होता बरोबर तिथं. सुटकेस फुटून पितळी पातेली खोलीभर घरंगळली होती, एक अजून गोल फिरत होतं. पलीकडच्या भिंतीला पलंगावर मिस्टर उशी डोक्यावर धरून बसले होते. त्यांना खरचटलंसुद्धा नव्हतं.

ते किती तरी वेळ कपाटाकडं बघत राहिले. मग म्हणाले, "वर्षा, बरं झालं तो पलंग हलला नाही आपल्याच्यानं."

आम्ही चपला घातल्या, जिन्यानं खाली आलो. सगळी बिल्डिंग खाली. नंतर सगळे म्हणत होते, धक्का तसा बारीकच होता, केंद्र लांब होतं. शेजारपाजारी कुणाकडं साधा कप फुटला नव्हता. कपाट फक्त आमचं पडलं, कारण मी ते पडण्याजोगं करून ठेवलं होतं. मिस्टरांना हे मी त्याच दिवशी सांगितलं. ते रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी स्वतः ड्रिल आणून त्यांनी चार अँगल मारले.

मी पडेगावला गेले. साची मला बघून म्हणाली, "आत्या, मी टेबलाखाली गेले होते, मम्मी पण." प्रज्ञा दार उघडून तशीच उभी होती. मी तिला जवळ घेतलं. आजवर घेतलं नव्हतं. ती रडली आणि मीही रडले. मी म्हटलं, "तुझ्यामुळं वाचले ते."

"माझ्यामुळं नाही ताई."

हे तिनं किती साधेपणानं म्हटलं. आणि माझ्या पोटात पुन्हा तेच... तीच कळ. आईला माझा नवरा वाचवायचा होता, माझं घर वाचवायचं होतं, आणि त्यासाठीही ती माझ्याकडं आली नाही. प्रज्ञाकडं गेली.

"विचारलंस का कधी तिला?" मी म्हणाले. "माझ्याकडं का येत नाही म्हणून?"

प्रज्ञानं डोळे पुसले. "विचारलं होतं. तुम्ही धपाटे करून बसायच्या ना, तेव्हा."

धपाट्यांचं मी तिला कधी सांगितलं नव्हतं.

"मग?"

"त्या म्हणाल्या... वर्षाकडं एकदा बसले की माझा पाय निघायचा नाय."

प्रज्ञा वऱ्हाडातली. ती असं बोलत नाही. 'निघायचा नाय' हे बोलणं आईचं. तरी हे आईच म्हणाली, की माझी अवस्था बघून प्रज्ञानं माझ्यासाठी जुळवलं, मला कळत नाही. मी तिला पुन्हा विचारलं नाही. विचारलं आणि ती म्हणाली, जुळवलं, तर?

मिलिंदचं मत आहे की प्रज्ञाला काहीतरी आधी जाणवतं, काही माणसांना जाणवतं म्हणे, आणि बाकी योगायोग. मिस्टर म्हणतात, पलंग घाबरलेल्या माणसाच्या जोरानं सरकला. असेल. पण स्क्रू? आणि शकूची जागा बदलल्याचं? लॅबमध्ये मी रिपोर्टवर सही करते तेव्हा शंका असेल तर टेस्ट पुन्हा लावते. हे पुन्हा लावता येत नाही. इथं कुणाकडं उत्तर असेल तर जरूर लिहा. फक्त तो भास होता एवढं लिहू नका. तेवढं मला स्वतःलाही सुचलं होतं.

त्या दिवसानंतर आई प्रज्ञाकडं आलेली नाही. प्रज्ञा म्हणते, घर रिकामं वाटतं, तिला त्या पावलांची सवय झाली होती. मी आता दर रविवारी दुपारी पडेगावला जाते. साची झोपते, मिलिंद पेपर घेऊन वर जातो, आम्ही दोघी किचनमध्ये बसतो. ती शेंगा सोलते, मी भाजी निवडते, बोलत कुणीच नाही. मग मधेच ती विचारते, "ताई, काही वाटलं?" मी नाही म्हणते, आणि तिला विचारते, "तुला?" तीही नाही म्हणते.

आणि तिनं नाही म्हटलं की मला बरं वाटतं. अजूनही.